जठर लहान झाल्यावर

जठराला वळसा देणारी ‘बायपास’ शस्त्रक्रिया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये स्थूलतेसाठी प्रथम केली. ‘स्लीव्ह’ या नंतरच्या पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. या दोहोंनी भुकेचे नियमन करणारी संप्रेरकेही बदलतात. तथापि शस्त्रक्रिया सवयी बदलत नाही. ते काम रुग्णाचेच.

त्याचा आरंभ आधीच होतो. तंबाखूमुळे जखम भरण्यास विलंब लागतो. म्हणून धूम्रपान काही आठवडे अगोदर सोडावे लागते. पुष्कळदा सुमारे दोन आठवडे अल्प उष्मांकांचा आहार देतात. त्यायोगे यकृत आक्रसते व शल्यविशारदाचे काम सुकर होते.

नंतर आहार पातळ, मऊ आणि घन अशा क्रमाने वाढवावयाचा असतो. ताटात प्रथम डाळ, दही, अंडी यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ घ्यावेत, भात-पोळी मागाहून. पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाने प्यावे. बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात वेगाने उतरून घाम, धडधड व घेरी येऊ शकते. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. पहिल्या काही महिन्यांतील केसगळती बहुधा तात्पुरती असते. परंतु उलट्या थांबत नसतील तर थायामिनच्या अभावाने मज्जासंस्थेस इजा होण्याचा धोका असतो. अशा वेळी त्वरित वैद्याकडे जावे.

पंगतीतला आग्रह नाकारणे हा यातील सर्वांत अवघड धडा होय. तो रुग्णाइतकाच त्याच्या घरच्यांनीही शिकावयाचा असतो.