पैसा तुमचा, कंट्रोल कुणाचा?

‘फंड’ म्हटलं की आपल्याला मुंबई आणि टाय लावलेली माणसं आठवतात. पण फंडाचा मूळ फंडा आपल्या भंडाऱ्यातल्या भिशीसारखाच आहे. बऱ्याच जणांनी पैसा एकत्र करायचा! फरक एवढाच की भिशीत सगळे एकमेकांना ओळखतात, आणि फंडात आपला पैसा अनोळखी माणूस वापरतो. कायद्याची गरज पडते ती इथे.

सेबी कायद्याच्या कलम ११एए मध्ये ‘सामूहिक गुंतवणूक योजना’ ओळखायच्या चार खुणा आहेत :
१) लोकांचा पैसा एकत्र करून योजनेसाठी वापरला जातो.
२) लोक तो नफा, उत्पन्न किंवा मालमत्तेच्या आशेने देतात.
३) कारभार दुसराच कुणी बघतो.
४) रोजच्या व्यवहारावर गुंतवणूकदाराचा कंट्रोल नसतो.

म्हणजे इनपुट आपला, कंट्रोलर दुसऱ्याचा. अशी योजना सेबीकडे नोंदणी केल्याशिवाय चालवता येत नाही.

मग श्रीमंतांचे खासगी फंड? त्यांच्यासाठी २०१२ चे ‘पर्यायी गुंतवणूक निधी’ नियम आहेत. तिथेही नोंदणी लागतेच. एका गुंतवणूकदाराने साधारणपणे किमान १ कोटी रुपये घालायचे, एका योजनेत १००० पेक्षा जास्त गुंतवणूकदार नकोत, आणि आम जनतेकडे पैसा मागायचा नाही. विचार असा की एवढा पैसा असणारा माणूस सल्लागार ठेवू शकतो, धक्काही सोसू शकतो. गरिबाला ते जमत नाही, म्हणून त्याच्या दारात येणाऱ्या योजनेवर नियम जास्त कडक.

‘पीएसीएल’चं उदाहरण घ्या. कंपनी म्हणायची, आम्ही फक्त जमीन विकतो. सेबीने चार खुणा लावून पाहिल्या आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. पुढे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने न्या. लोढा समिती नेमली गेली. जमिनी विकून लोकांचे पैसे परत करायचं काम तिच्याकडे आलं. आदेश निघतो एका दिवसात, पैसा यायला वर्षं लागतात!

साकोलीकडे राहणाऱ्या माझ्या मामी धान विकलं की एका वेगळ्याच, छोट्या कंपनीत हप्ता भरायच्या. मुलीच्या शिक्षणासाठी. एजंट नात्यातला, मग कागद मागायचा कसा? आता ऑफिसला कुलूप आहे. अशा वेळी महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा कामी येतो. पोलिसांत तक्रार झाली की सरकार कंपनीची मालमत्ता जप्त करू शकतं, आणि विशेष न्यायालयामार्फत ती ठेवीदारांत वाटता येते. पण त्यासाठी पावती हवी. मामींनी पावत्या तांदळाच्या डब्यात जपून ठेवल्यात, हे एक बरं.

तर दोस्तांनो, सुटीत घरी जाल तेव्हा आईबाबांच्या पावत्या एकदा बघा. सेबीचा नोंदणी क्रमांक दिसला तर सेबीच्या वेबसाइटवर तपासा. दिसला नाही, तर नात्यातला असला तरी एजंटला विचारा. विचारल्याने नातं तुटत नाही हो, बुडालेल्या पैशाने मात्र नक्की तुटतं.