तिथीची पाऊणपट

गेल्या माघातली संकष्टी. नागपूरहून मामा-मामी आमच्याकडे डोंबिवलीला आले होते. मामा 69 वर्षांचे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मामीने आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. मी ठरवलं, एका दिवसात अख्खं अलिबाग दाखवायचं. कागदावर यादी केली: किहीम, कान्होजी आंग्र्यांची समाधी, कुलाबा किल्ला, वरसोली, नागाव, जमलं तर काशीद आणि शेवटच्या बोटीने परत. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहिली. भरती-ओहोटीची वेळ मात्र कुठेच लिहिली नाही. पाहुणे घेऊन अलिबागला जाणाऱ्या कुणाकडूनही ती राहू नये, म्हणून हे लिहिते आहे.

गेटवेहून पहाटेची बोट धरली. मांडव्याला उतरून रिक्षाने किहीम, तिथे दीड-दोन तास, मग अलिबागात समाधी. किनाऱ्यावर पोचायला साडेअकरा वाजले. किल्ल्याच्या वाटेवर पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. सगळी माणसं किल्ल्याकडून परत येत होती, तिकडे जाणारे आम्ही तिघंच. एवढी खूण पुरेशी होती. पण मामीचा उपास होता आणि किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं तिने मनाशी धरलं होतं. मी तिचा हात धरून पाण्यात उतरले.

किल्ला बघण्यासारखा आहे, यात शंकाच नाही. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतलेला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला, पुढे कान्होजींच्या आरमाराचं मोठं ठाणं. आतलं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलं. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर, याचं मामीला फार नवल वाटलं. मामा तटापाशी थांबले. दोन चिऱ्यांमधल्या फटीत बोट घालून म्हणाले, “चुना नाही यात. बघ, नुसते दगडावर दगड.” मग त्यांनी मला समजावलं, लाट आदळली की पाणी या फटींत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. ते सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना घाई करायचं माझ्या जिवावर आलं. चाळीस मिनिटं गेली.

बाहेर आलो तर वाट नव्हती. मामी दारातच थबकली. “बाप्पा! हे पाणी तर चालून राह्यलं आपल्याकडं!”

आता ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. तिथेच थांबून कुणाला हाक मारायला हवी होती. त्याऐवजी मी म्हटलं, पटकन निघू. अर्ध्या वाटेत पाणी मांडीपर्यंत आलं. लुगडं पायांत गुंडाळून मामीला पाऊल उचलेना. मामांचा पाय शेवाळलेल्या खडकावरून सटकला आणि कालवांच्या शिंपांनी तळवा चिरला. मी एका हाताने मामीला धरलेलं, दुसऱ्याने मामांचं मनगट. किनाऱ्याकडे वळलेल्या एका घोडागाडीवाल्याने आम्हाला पाहिलं, गाडी फिरवली आणि तिघांनाही वर ओढून घेतलं. माझ्यावर तो रागावला, आणि त्याचा राग रास्त होता. “ताई, म्हातारी माणसं घेऊन आलात, तिथी नाही बघितली? आज चौथ. तिथीची पाऊणपट करायची. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पुरी भरती.”

हा हिशेब प्रत्येकाने पाठ करावा. प्रतिपदेपासून मोजलेल्या तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ, शुक्ल पक्षात आणि कृष्ण पक्षातही. तिच्या आधी आणि नंतर सव्वासहा तासांच्या आसपास पुरी ओहोटी. त्या दिवशी ओहोटी नऊच्या सुमाराला होती. मांडव्याहून थेट किल्ल्यावर गेलो असतो तर कोरड्या वाळूतून चालत जाऊन आलो असतो. किहीम दुपारीही तिथेच असणार होतं! हा हिशेब अंदाजापुरता. नेमकी वेळ वर्तमानपत्रात छापून येते, आणि निघण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना किंवा गाडीवाल्यांना विचारावंच.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात अगदी थोडं, दुसऱ्यात त्याहून जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून जवळजवळ निम्मी भरती येते. घोट्याएवढं पाणी बघून माणूस फसतो ते याचमुळे. आम्ही आत शिरलो तो नेमका तिसरा तास. म्हणून पाणी अजून उतरत असताना जावं आणि ते वळायच्या आत परत निघावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र लांबवर मागे हटतो, पण येतोही तेवढ्याच जोराने. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा वाट पुरती उघडी पडेलच असं नाही. पायांत पट्ट्याच्या चपला हव्यात, अनवाणी मुळीच जाऊ नये. वाट बंद झाली तर किल्ल्यातच थांबावं, पाण्यात उतरू नये. उपाशी माणसाला उन्हात चालवू नये, हे मी वेगळं सांगायला नको.

मामांच्या तळव्याला टाके पडले. यादीतलं बाकी सगळं मी खोडलं. संध्याकाळच्या बोटीआधी दोन-अडीच तास आम्ही वरसोलीला सुरूच्या सावलीत नुसते बसलो. भरती होऊन गेली होती. मामी साबुदाण्याची खिचडी हातात धरून पाणी मागे सरताना बघत होती. वाळू उघडी पडली, तिच्यावर खेकड्यांची बारीक नक्षी दिसू लागली, आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. तिला समुद्र दिसला तो तेव्हा.

परवा तिचा नागपूरहून फोन आला. मामांचा पाय बरा आहे, गव्हाचं दळण झालं, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “आज सप्तमी हाये नं? म्हणजे सव्वापाचला भरलं असंल तिकडं.”