राखणीचे कुत्रे आणि घरची माणसे

तुंगार्ली, वलवण, कार्ला, पवनानगर या भागात गेल्या काही वर्षांत बंगले वाढले आणि बंगल्यांबरोबर राखणीची कुत्रीही वाढली. पूर्वी आमच्याकडे दारात मोती नाहीतर वाघ्या नावाचे गावठी कुत्रे असे. खंडोबाच्या जिल्ह्यात दुसरे नाव सुचणार तरी कसे! आता फाटकामागे रॉटवायलर, तिबेटी मॅस्टिफ, कॉकेशियन शेफर्ड अशी चाळीस-पन्नास किलोंची जनावरे दिसतात. अशा कुत्र्यांच्या चाव्याचे रुग्ण माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. चावा बहुधा चोराला होत नाही. तो वॉचमनच्या मुलाला, दूधवाल्याला किंवा शनिवारी आलेल्या पाहुण्यांच्या पोराला होतो.

असे का होते हे समजण्यासाठी या जातींचे मूळ काम पाहावे लागते. लॅब्रॅडोर किंवा अल्सेशियन ही माणसाच्या नजरेखाली, त्याच्या इशाऱ्यावर काम करणारी कुत्री. राखणीच्या कुत्र्याचे तसे नाही. हिमालयातले गद्दी मेंढपाळ रात्री झोपतात तेव्हा कळपाभोवती कुत्रे एकटे जागते आणि बिबट्या आला तर काय करायचे ते स्वतःच ठरवते. बिबट्याने मानगूट धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो. तिथे मालकाला विचारायला वेळ नसतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने अशीच कुत्री निवडून वाढवली. त्यामुळे ‘बैस’ म्हटल्यावर ते तुमच्याकडे शांतपणे पाहते आणि मग वाटले तर बसते. याला लोक हट्टीपणा म्हणतात. मी म्हणेन, तो त्याचा धंदाच आहे.

माझ्या घरी सात वर्षे एक धनगरी कुत्री आहे. डोंगरावरच्या वाड्यातून आणलेली. ती उंबऱ्यात आडवी पडते आणि तिथून गल्लीचा हिशेब ठेवते. हाक मारल्यावर ती तिसऱ्या हाकेला येते, पण नात रडली की पहिल्या हुंदक्याला हजर. या जनावराकडून सर्कशीची अपेक्षा केली तर दोघांचाही रक्तदाब वाढतो. पाचच गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात: हाकेला येणे, थांबणे, तोंडातले सोडणे, साखळीला न ओढता चालणे आणि सांगितलेल्या जागी जाऊन बसणे. शिकवणी दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटे. बक्षीस म्हणून भाकरीचा तुकडा पुरतो. मारू नये. माराने गुरगुरणे बंद होते, राग जात नाही. आणि गुरगुरल्याशिवाय चावणारे कुत्रे सर्वांत धोक्याचे. शब्दही घरात एकच असावा. साहेब ‘सिट’ म्हणतात, बाईसाहेब ‘बैठो’ म्हणतात आणि वॉचमन ‘बस खाली’ म्हणतो, मग कुत्र्याने कोणाचे ऐकावे?

पण या शिकवणीहून मोठी गोष्ट म्हणजे ओळख. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत जे जे त्याच्या सहवासात येते ते त्याला आयुष्यभर आपले वाटते. नामिबियात चित्ता संवर्धनाचे काम करणारी एक संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की जातीची राखणीची कुत्री देते. ती पिल्ले लहानपणीच शेळ्यामेंढ्यांत सोडतात, म्हणून मोठेपणी ती कळपालाच आपले कुटुंब मानतात. चित्ता आला की बहुधा भुंकून आणि आडवे उभे राहूनच काम भागते. बंगल्यातल्या पिल्लालाही हाच नियम लागू आहे. दोन महिन्यांचे पिल्लू घरी आले की जेमतेम महिना-दीड महिना हातात उरतो. त्यात त्याला लहान मुले, काठी टेकत येणारे आजोबा, गॅस सिलिंडरवाला, रेनकोट, छत्री, इरले घेतलेली बाई, सारे दाखवावे. लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्होची भीती असते, तेव्हा जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन हिंडवावे. आमच्याकडे चार महिने पाऊस. त्या दिवसांत पिल्लू आणून घरात कोंडले, तर माणसे ओळखण्याचा काळ तसाच निघून जातो.

ही कुत्री उशिरा वयात येतात, दीड ते अडीच वर्षांनी. तोपर्यंत सगळ्यांचे पाय चाटणारे कुत्रे एके दिवशी अचानक पाहुण्याला अडवते. ते बिघडलेले नसते, कामावर रुजू झालेले असते. आणि इथेच आपल्या भागातली खरी अडचण आहे. मालक मुंबईत, येतो शनिवार-रविवार. पाच दिवस त्याला भाकरी घालतो वॉचमन. कुत्र्याच्या हिशेबी मालक तोच, आणि शनिवारी चार गाड्यांतून गोंगाट करत उतरणारी मंडळी परकी! तेव्हा शिकवणारा मुंबईचा असो की पुण्याचा, शिकवणीला वॉचमन आणि त्याची बायको हजर असलीच पाहिजेत. पाहुणे आले की कुत्रे आधी दुसऱ्या आवारात न्यावे, सगळे बसल्यावर ओळखीच्या माणसाने साखळीने आणावे. फाटक दुहेरी असावे. जेवताना त्याच्या थाळीजवळ मूल जाऊ नये आणि लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे कधीच सोडू नये. मुलाचे तोंड आणि कुत्र्याचे तोंड एकाच उंचीवर असते, त्यामुळे मुलांना चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे जास्त चावरे होते, हेही ध्यानात ठेवावे.

आता चाव्याविषयी. मागे वॉचमनची बायको मुलाला घेऊन आली. पोटरीवर चार दात, त्यात तिखट आणि चुना भरलेला. म्हणाली, “डाक्टरसायेब, कुत्रं बंगल्याचंच हाय, त्याला सुया दिल्यात. धनुर्वाताचं द्या न्‌ सोडा.” मी म्हटले, “बाई, कार्ड दाखवा.” कार्ड मुंबईला होते. मालकांना फोन लावला, तर शेवटची लस तीन वर्षांपूर्वीची निघाली.

रेबीज एकदा सुरू झाला की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर तो जवळजवळ नेहमीच टळतो. कुत्रे पाळीव असले, लस घेतलेले असले, तरी चावा चावाच. जखम ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटे फार मोठी वाटतात. तिखट, चुना, हळद, झाडपाला काही भरू नये. टाके घालण्याची घाई करू नये. मग त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावे. पहिला दिवस शून्य धरून ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी स्नायूत लस देतात. पुष्कळ सरकारी दवाखान्यांत ती कातडीत देतात, तेव्हा ०, ३, ७ आणि २८ हे दिवस असतात. लस दंडात घ्यावी, लहान मुलांना मांडीत, कुल्ल्यावर नव्हे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत जुन्या लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. ती सेंपलची जुनी लस होती. तिचे उत्पादन आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारास थांबले.

दात रुतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शन, ज्याला सिरम म्हणतात, तेही लागते. लशीचा परिणाम यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवरचे रक्षण सिरम करते. ते जवळ नसेल तर औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून येथे चौकशी करावी, पण त्यासाठी पहिली लस लांबवू नये. पहिल्या लशीनंतर सात दिवसांपर्यंत सिरम देता येते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, त्याला मारून टाकू नये. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढच्या लशींचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. वॉचमन आणि त्याच्या घरच्यांनी चावा होण्याआधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी लस घेऊन ठेवली तर फार बरे. पुढे कधी चावा झालाच तर दोनच लशींत भागते आणि सिरमही लागत नाही. हा खर्च मालकाने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा काही जातींवर बंदी सुचवणारे परिपत्रक काढले होते. ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. पण आपल्या जनावराची योग्य काळजी न घेतल्याने माणसाला इजा होण्याचा धोका निर्माण झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

कुत्र्याला पहिली रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे बूस्टर आणि पुढे दरवर्षी. पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, म्हणून त्याही लशीबद्दल जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. आणि लशींचे कार्ड मुंबईच्या कपाटात न ठेवता वॉचमनच्या खोलीत, दाराजवळच्या खिळ्याला अडकवावे. त्यावर जनावरांच्या डॉक्टरांचा आणि रुग्णालयाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहावा.