घरीं बांधलेलें विमान आणि त्यांतील वीज

नांदेड व लातूर या दोन्ही गांवीं विमानतळ आहे. २७ एप्रिल २०१७ रोजीं 'उडान' योजनेंतील पहिलीं विमानें देशांत सुटलीं, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. विमानाचा आवाज झाला कीं आपल्या मुलांची मान आपोआप वर जाते, आणि एखादा चौकस मुलगा विचारतो, "असें यंत्र आपल्यासारख्याला घरीं बांधतां येईल काय?" याचें उत्तर 'होय' असें आहे; परंतु त्या होकाराच्या पोटांत पुष्कळ अटी आहेत. त्यांपैकीं एकीचाच, म्हणजे विमानांतील विजेच्या जोडणीचा, विचार आम्ही येथें करणार आहों.

उदाहरणासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवली येथील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईंत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची सरकारी नोंद झाली, २०१९ सालीं चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवरून तें हवेंत उठलें. प्रदर्शन आणि उड्डाण यांत चार वर्षांचें अंतर आहे. विमान उभें करणें ही एक गोष्ट आणि तें माणसाच्या जिवास योग्य आहे हें सिद्ध करणें ही दुसरी. विजेच्या जोडणीकडे पाहिलें म्हणजे हा भेद चांगला ध्यानांत येतो.

विमानांत वीज कोठून येते? मोटार, जीप व ट्रॅक्टर यांत जेथून येते तेथूनच. म्हणजे इंजिनाच्या बळानें फिरणाऱ्या ऑल्टर्नेटरपासून. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक फिरला असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं लावला. सायकलचा डायनॅमो हें त्याचें घरगुती रूप होय. चाक जोरानें फिरलें कीं दिवा प्रखर होतो आणि मंद फिरलें कीं मिणमिणतो. यंत्रास असा चंचल पुरवठा चालत नाहीं. म्हणून ऑल्टर्नेटरमध्यें कायमच्या चुंबकाऐवजीं तारेचें वेटोळें फिरवितात व त्यांत थोडी वीज सोडून त्याचा चुंबक बनवितात. या वेटोळ्यास फील्ड म्हणतात. भोंवतालच्या स्थिर वेटोळ्यांत जी उलटसुलट वाहणारी वीज उत्पन्न होते, तिला डायोड एकाच दिशेनें वाहावयास लावतात. रेग्युलेटर हा फील्डमधील वीज कमीजास्त करून दाब ठरावीक ठेवतो. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. तिला भरण्यासाठीं ऑल्टर्नेटरचा दाब सुमारें १४ व्होल्ट लागतो.

येथें एक मर्म आहे. ऑल्टर्नेटर ६० अँपिअर वीज देत असला, तरी त्याच्या फील्डमध्यें दोन-चार अँपिअरच वाहतात. घोड्याचें बळ मोठें, पण लगाम हलका. तशीच ही गोष्ट आहे. फील्डची तार हाच ऑल्टर्नेटरचा लगाम होय, आणि ती ज्याच्या हातीं त्याच्या हातीं ऑल्टर्नेटर.

आतां कोणी म्हणेल, "ट्रॅक्टरची जोडणी आमच्या गांवचा इलेक्ट्रिशियन करतो, मग विमानाची त्यानेंच केली तर काय बिघडलें?" याचें उत्तर रस्त्यावरच मिळतें. नांदेडहून लातुरास जातांना जीपमधून धूर येऊं लागला, तर लोह्यास किंवा अहमदपुरास गाडी कडेला लावून सर्वजण खालीं उतरतात. आकाशांत कडेला थांबण्याची सोय नाहीं. म्हणून विमानांतील तार 'बिघडणार नाहीं' अशा भरंवशावर जोडावयाची नसते. 'एक दिवस बिघडेल, आणि तरीही माणसें सुखरूप उतरतील' अशा विचारानें जोडावयाची असते. पुढील सर्व नियम या एकाच विचारांतून निघाले आहेत.

पहिला नियम तारेच्या जाडीचा. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.०१७ ओम असतो. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गास रोधानें गुणून मिळते. समजा, ऑल्टर्नेटरपासून बॅटरीपर्यंत दोन मीटर तार आहे व तींतून ६० अँपिअर वाहतात. घरांतील दिव्यांची १.५ चौरस मिलिमीटरची तार येथें वापरली, तर तींत सुमारें ८२ वॅट उष्णता होईल; म्हणजे डाख देण्याचीं २५ वॅटचीं तीन हत्यारें तारेच्या आवरणाखालीं पेटवून ठेवल्यासारखेंच झालें. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर उष्णता ८ वॅटपेक्षां कमी होते. विद्यार्थ्यांनीं हें गणित वहींत अवश्य करून पाहावें.

दुसरा नियम फ्यूजच्या जागेचा. पुष्कळांची अशी समजूत असते कीं फ्यूज हा उपकरणाच्या रक्षणासाठीं आहे. वस्तुतः तो प्रथम तारेच्या रक्षणासाठीं असतो, आणि म्हणून तो धोक्याच्या उगमाजवळ बसवावा लागतो. ऑल्टर्नेटरची जाड तार घांसून विमानाच्या धातूच्या अंगास टेकली, तर ऑल्टर्नेटर आपल्या शक्तीपुरतीच वीज देईल. पण बॅटरी त्याच तारेनें उलट दिशेस शेंकडों अँपिअर ओतूं शकते. म्हणून या तारेचा फ्यूज बॅटरीकडील टोंकास हवा. तो दुसऱ्या टोंकास बसविला, तर मधली सर्व तार उघडी पडते.

तिसरा नियम अतिदाबाचा. रेग्युलेटर आंतून बिघडून फील्डला पूर्ण वीज देऊं लागला, तर लगाम तुटलेल्या घोड्याप्रमाणें दाब चढत जातो. १४ व्होल्टच्या ठिकाणीं तो पुष्कळ वर गेला, तर रेडिओ व इतर नाजूक उपकरणें जळतात आणि बॅटरी उकळूं लागते. यासाठीं एक स्वतंत्र पहारेकरी ठेवतात. दाब सुमारें १६ व्होल्टच्या पुढें गेला कीं हा पहारेकरी क्षणार्धांत फील्डची वीज तोडतो. चुंबकत्व नाहींसें होतें व ऑल्टर्नेटर नुसता फिरत राहतो. फील्डचा एक खटका वैमानिकाच्या हाताशींही असावा. कांहीं लहान इंजिनांवर मात्र कायम चुंबकाचा जनक असतो. त्यास असा लगाम नाहीं, म्हणून तेथें त्याची मुख्य तारच तोडणारा रिले बसवावा लागतो. आणखी एक पथ्य असें, कीं ऑल्टर्नेटर चालू असतां बॅटरी कधींही अलग करूं नये. बॅटरी ही विजेच्या लाटा पोटांत घेणाऱ्या तलावासारखी आहे. तो तलाव एकाएकीं दूर केला तर दाबाची लाट उपकरणांवर आदळते. म्हणून पुष्कळ लहान विमानांत असा जोडखटका असतो, कीं बॅटरी बंद करतांच ऑल्टर्नेटरही बंद होतो.

चौथा नियम सूचनेचा. ऑल्टर्नेटर मुकाट्यानें बंद पडला, तर दिवे व रेडिओ बॅटरीवर चालूच राहतात आणि वैमानिकास कांहीं कळत नाहीं. म्हणून दाब १३ व्होल्टच्या खालीं उतरतांच पेटणारा लाल दिवा डोळ्यांसमोर हवा. पुढील हिशेब सोपा आहे. बॅटरी २० अँपिअर-तासांची व खर्च १६ अँपिअरचा असेल, तर कागदावर सवा तास मिळतो. अनावश्यक उपकरणें बंद करून खर्च ८ अँपिअरवर आणला तर अडीच तास. प्रत्यक्षांत बॅटरीचें वय व जोराचा उपसा यांमुळें त्याहून कमीच मिळतो. म्हणून दिवा पेटतांच खर्च तोडावा आणि जवळच्या धावपट्टीकडे वळावें.

पांचवा नियम ठिणगीच्या स्वातंत्र्याचा. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें विमान उडालें, तेव्हां त्याच्या इंजिनांतील ठिणगी मॅग्नेटो पाडीत होता. इंजिन सुरू करण्यापुरती वापरलेली बॅटरी जमिनीवरच राहिली. आजही विमानाच्या पुष्कळशा पिस्टन-इंजिनांत दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. सर्व वीज गेली तरी असें इंजिन थांबत नाहीं. मोटारीचें इंजिन विमानास लावणाऱ्याची स्थिति निराळी आहे. त्याची ठिणगी व बहुधा इंधनाचा पंपही विजेवर अवलंबून असतो. म्हणून त्यानें विजेचा दुसरा स्वतंत्र मार्ग आधींच योजून ठेवला पाहिजे.

शेवटचा नियम हाताच्या कामाचा. विमानाचा थरकांप सैल जोड शोधून काढतो. म्हणून तारांचीं टोंकें योग्य हत्यारानें दाबून बसवावीं, तारांना जागोजाग आधार द्यावा, पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना तेथें रबराचें कडें घालावें, आणि इंधनाच्या नळीस तार कधींही बांधूं नये. आवरणही असें निवडावें, कीं जें सहज पेटणार नाहीं व दाट विषारी धूर सोडणार नाहीं. २ सप्टेंबर १९९८ रोजीं न्यूयॉर्कहून जिनीव्हास निघालेलें स्विसएअरचें १११ क्रमांकाचें विमान कॅनडाजवळ समुद्रांत कोसळलें व २२९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. कॅनडाच्या तपासमंडळानें २००३ सालीं दिलेल्या अहवालाप्रमाणें आगीचा आरंभ बहुधा छतावरील तारांतून उडालेल्या ठिणगींतून झाला, आणि जवळच्या पेट घेणाऱ्या आच्छादनानें ती पसरविली. पहिला वास येण्यापासून शेवटापर्यंत सुमारें वीस मिनिटेंच गेलीं. तें विमान तर मोठ्या कारखान्यांत बांधलेलें होतें. मग घरीं बांधणाऱ्यानें किती जपावें, हें निराळें सांगावयास नको.

एवढें सर्व केल्यावरही काम पुरें होत नाहीं. विमान खुंटीस बांधून इंजिन चालवावें, प्रत्येक खटका बंद करून पाहावा, ऑल्टर्नेटर मुद्दाम तोडून लाल दिवा पेटतो कीं नाहीं याची खात्री करावी, आणि हें सर्व जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावें. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला आहे. सरकारी नोंद व परवानगी यांवांचून कोणतेंही विमान उडवितां येत नाहीं. हा जाच नव्हे. ज्यानें आपल्या हातानें तार जोडली, त्याच्या डोळ्यांस आपली चूक दिसणें कठीण असतें. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलानें जुना डायनॅमो खोलला तर त्यास रागें भरूं नये. डायनॅमो, लहान दिवा व व्होल्टमीटर एवढ्यावर तो पुष्कळ शिकेल. मात्र घरांतील २३० व्होल्टच्या विजेस त्यानें हात लावूं नये, हें बजावून सांगावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत जाईल, कोणी अभियंता होईल, कोणी कदाचित् विमानही बांधील. तार जोडून झाल्यावर दिवा पेटला म्हणजे काम झालें, असें त्या वेळीं समजूं नका. 'ही तार तुटली तर काय होईल?' हा प्रश्न स्वतःस विचारा, त्याचें उत्तर कागदावर लिहा, आणि तें उत्तर समाधानकारक असेल तरच पुढील तारेस हात घाला.