मॉनिटर घेताना : हर्ट्झचा हिशोब

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. १४४ हा आकडा मराठीत मोठ्याने वाचायला सांगितला तर मी अजूनही आधी मनात ‘वन फॉर्टी फोर’ म्हणतो आणि मग भाषांतर करतो. त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण ‘दरवर्षी पाऊस आणि मैत्री यांवरच कविता येतात, कुणीतरी उपयोगाचं लिहा’ असं मराठी विभागाच्या सरांनी म्हटल्यावर राहवलं नाही. शिवाय या विषयावर लिहायला माझ्याकडे सबळ कारण आहे. ते कारण म्हणजे माझा रूम पार्टनर.

तो घनसावंगी तालुक्यातला, घरी मोसंबीची बाग. मोसंबीचा सौदा झाल्यावर वडिलांनी त्याच्या हातात बारा हजार रुपये ठेवले, ‘ड्रॉइंगसाठी मोठा स्क्रीन घे’ म्हणून. ड्रॉइंग हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं रात्री अकरानंतर सुरू होतं (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये). दुकानदाराने खोक्यावरचं ‘फ्रीसिंक’ स्टिकर दाखवलं, ‘खास गेमिंगचा आहे’ म्हणाला आणि पठ्ठ्याने मॉनिटर उचलला. रूमवर येऊन गेम लावला तर चित्र पूर्वीसारखंच फाटतंय, पूर्वीसारखंच अडखळतंय. त्याचा चेहरा बघवत नव्हता. बारा हजार म्हणजे किती मोसंबी, हा हिशोब त्याला तोंडपाठ होता.

आता हे फाटणं म्हणजे काय ते बघू. मॉनिटर सेकंदाला ठरावीक वेळा चित्र नव्याने रंगवतो. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० वेळा, दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. ग्राफिक्स कार्ड मात्र असं घड्याळ बघून काम करत नाही. समोर नुसती भिंत असेल तर फ्रेम पटकन तयार होते, धूर आणि स्फोट आले की वेळ लागतो. मॉनिटरने अर्धा पडदा रंगवलेला असताना नवी फ्रेम येऊन पडली, तर वरचा भाग जुना, खालचा नवा आणि मध्ये आडवी चीर. यालाच टेअरिंग म्हणतात.

यावर जुना उपाय व्ही-सिंक. नवी फ्रेम आली तरी मॉनिटरची पुढची फेरी सुरू होईपर्यंत कार्डाने थांबायचं. चीर जाते, पण हिशोब करून बघा. एका फ्रेमला २० मिलिसेकंद लागत असतील तर कार्ड सेकंदाला ५० फ्रेम देऊ शकतं. १६.७ ची वेळ हुकली की साध्या व्ही-सिंकमध्ये थेट ३३.३ पर्यंत थांबावं लागतं, म्हणजे पडद्यावर दिसतात फक्त ३०. कष्ट पन्नासचे, मजुरी तीसची.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो होतो. काकांनी विचारलं, ‘त्या बारा हजाराच्या स्क्रीनमधी येगळं काय हाय?’ मी माझ्या मोडक्या मराठीत फ्रेम, फेरी, थांबणं असं काहीबाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मंग यष्टी आन् काळी-पिवळीचा फरक हाय म्हणा की!’

याहून चांगलं उदाहरण मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. जालन्याला अंबड चौफुलीवर उभे राहा. एसटी तिच्या वेळेला सुटते, तुम्ही एक मिनिट उशिरा पोचलात तर पुढच्या गाडीपर्यंत बसा. हे व्ही-सिंक. अर्धं कुटुंब आत आणि अर्धं खाली असतानाच गाडी सुटली, तर ते टेअरिंग. काळी-पिवळी मात्र सीट भरल्या की निघते. अॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे हेच. दोन फेऱ्यांच्या मधला मोकळा वेळ मॉनिटर ताणून धरतो आणि फ्रेम तयार झाली की लगेच रंगवायला घेतो.

ही कल्पना एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक नावाने आणली. त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं, म्हणून तो महाग पडायचा. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने अॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतलं. एएमडीचं फ्रीसिंक त्यावरच उभं आहे. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिकेपासूनची कार्डंही अशा मॉनिटरवर चालू लागली. त्यामुळे नुसत्या नावासाठी जादा पैसे मोजायची गरज आता उरलेली नाही.

मग आमच्या पार्टनरचं घोडं कुठे अडलं? काळी-पिवळीवाला तरी किती वेळ थांबणार! प्रत्येक मॉनिटरची एक रेंज असते. याची होती ४८ ते ७५ हर्ट्झ. म्हणजे फ्रेमसाठी तो जास्तीत जास्त २०.८ मिलिसेकंद थांबतो. त्याचं कार्ड त्या गेममध्ये ४० फ्रेम देत होतं, एका फ्रेमला २५ मिलिसेकंद. गाडी चुकलीच.

चांगल्या मॉनिटरमध्ये यावर एलएफसी नावाची सोय असते. फ्रेम कमी पडल्या तर एकच फ्रेम दोनदा दाखवायची. (सिनेमावाले हे आधीपासून करतात. फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये सेकंदाला चित्रं २४ असली तरी शटर प्रत्येक चित्रावर दोनदा उघडतं, म्हणून लुकलुक जाणवत नाही.) ४० ची दुप्पट ८०. रेंज ४८ ते १४४ असेल तर ८० तिच्यात आरामात बसतं. ७५ वर संपणाऱ्या रेंजमध्ये बसत नाही. म्हणून वरचा आकडा खालच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त हवा. खोक्यावर फक्त वरचाच आकडा मोठ्या अक्षरात छापतात. खालचा आकडा कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये शोधावा लागतो, आणि तो शोधूनच दुकानात जा. फ्रीसिंक प्रीमियम लिहिलेलं असेल तर एलएफसी असतंच.

मॉनिटर परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. शेवटी एका रात्री दोन वाजता आम्ही गेमच्या सेटिंगमध्ये शिरलो. सावल्या कमी केल्या, हायचं मीडियम केलं आणि वरची मर्यादा ७२ वर बांधली. फ्रेम ५५ ते ७० मध्ये खेळायला लागल्या. चीर गायब! पार्टनर काहीच बोलला नाही. शत्रूबित्रू सोडून पाच मिनिटं नुसता जागच्या जागी गोल फिरत भिंती बघत राहिला.

बाकी किरकोळ. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर केबल डिस्प्लेपोर्टची घ्या, एचडीएमआयवर अॅडॅप्टिव्ह सिंक चालेलच असं नाही. व्हीए पॅनेलवर फ्रेम वरखाली झाल्या की अंधाऱ्या दृश्यात कधी कधी उजेड थरथरतो, म्हणून माझं मत आयपीएसला. ‘१ मिलिसेकंद’ हे स्टिकर मनावर घेऊ नका. तुमचं कार्ड ६० फ्रेमच देत असेल तर २४० हर्ट्झ घेऊन काय करणार? ते पैसे कार्डात घाला. आणि नवा मॉनिटर लावल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः बदला. आमच्याच मजल्यावरच्या एका महाभागाने १४४ चा मॉनिटर चार महिने ६० वर वापरला आणि ‘काय स्मूथ आहे!’ म्हणून सगळ्यांना दाखवला.

पार्टनरचा मॉनिटर अजून तोच आहे, ड्रॉइंगसुद्धा खरंच त्यावर होतात. फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर रूमवर या. फक्त येताना डिस्प्लेपोर्टची केबल घेऊन या, आमची परवा उंदराने कुरतडली.