थायरॉईडचा कर्करोग : शस्त्रक्रिया आणि त्यानंतर

गळ्यावरील गाठ दुखत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. निदान झाल्यावर ‘आवाज जाईल’ या भीतीने शस्त्रक्रिया लांबते. वारूळवाडी परिसरातील कुटुंबांसाठी हे विवेचन.

प्रथम सुईने पेशी काढून तपासतात. रोगाचा प्रकार, आकार व प्रसार पाहून थायरॉईडचा अर्धा भाग किंवा संपूर्ण ग्रंथी काढतात. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राच्या दोन नसा जातात. तेथेच कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या, बहुधा चार, लहान ग्रंथी असतात. त्या जपण्यातच शल्यविशारदाचे कौशल्य असते. अनुभवी हातांत आवाज कायमचा बिघडणे विरळा.

काही रुग्णांना पुढे किरणोत्सारी आयोडिन द्यावे लागते. आज भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग असलेले अणुवैद्यकाचे स्वतंत्र केंद्र १९६३ मध्ये परळ येथे उभे राहिले. संपूर्ण ग्रंथी काढल्यास थायरॉक्सिनची गोळी आजन्म, रोज उपाशीपोटी घ्यावी लागते.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा एकदाच येतो. गोळ्या, रक्ततपासणी व प्रवासाचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो. रुग्णाने बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये आणि दात्यांनी या पाठपुराव्यालाही उपचारच मानावे, ही नम्र विनंती.