हंगाम संपला तरी दुकान रिकामे नको

मार्चअखेर हरभरा-गव्हाची मळणी आटोपली की जऊळक्यासारख्या गावातील वेल्डर, फिटर व पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात शांतता पसरते. सोयाबीनच्या दिवसांत ऑक्टोबरमध्ये ज्याला जेवायला फुरसत नव्हती, तोच एप्रिल-मे महिन्यांत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो आणि घरखर्चासाठी उधारी करतो. या रिकाम्या दिवसांचे काय करावे, याचा आज आपण विचार करू.

एक दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या उत्तर भागात व कॅनडात गोल्फची मैदाने हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात. गवत वाढत नाही, खेळाडू येत नाहीत. पण निगा राखणारी कायम माणसे तेव्हाही कामात असतात. गवत कापणाऱ्या यंत्रांची पाती काढून धार लावतात, इंजिनाचे तेल बदलतात, बाके रंगवतात, झाडांच्या फांद्या छाटतात. मैदान उघडते त्या दिवशी यंत्रे तयार असतात. आपल्याकडे ऋतू वेगळा, यंत्रे वेगळी. पण नियम तोच. हंगामात जे यंत्र थांबवता येत नाही, त्याची दुरुस्ती बंद हंगामातच करावी.

आपल्या भागात अशी तीन कामे आहेत.

1) फवारणी पंप : टाकी, नळी व नोझल धुवावे. तणनाशकाचा अंश राहिला तर पुढच्या फवारणीत उभे पीक जळते. झिजलेले वॉशर बदलावे, टाकीत साधे पाणी भरून गळती पाहावी. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण पाठीवर गळणारा पंप हा धोकाच आहे. पंप धुताना कारागिरानेही हातमोजे घालावेत आणि ते पाणी विहिरी-नाल्याजवळ सांडू नये.

2) थ्रेशर : पट्टे सैल करून ठेवावेत, बेअरिंगला ग्रीस द्यावे, फाटलेल्या चाळण्या व झिजलेले दाते बदलावेत. गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग व रंग करावा. ड्रमचा वेग पिकाप्रमाणे ठेवावा लागतो. तो जास्त झाला तर सोयाबीनचा दाणा फुटतो आणि बियाणे म्हणून उपयोगी पडत नाही.

3) इंजिन : जुने तेल काढून नवे भरावे, एअर फिल्टर साफ करावा. पेट्रोलवरच्या पंपाची टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे. साचलेले पेट्रोल चिकट होऊन नळ्या तुंबवते.

शेतकरी विचारेल, "बंद यंत्राला पैसे कशाला?" त्याला हिशेब दाखवावा. मळणीच्या दिवशी यंत्र बंद पडले तर मजूर बसून राहतात आणि वर पावसाची भीती. आपलाही हिशेब पाहा. समजा, ओळखीचे 40 पंप आहेत आणि तपासणीची मजुरी 150 रुपये ठरली, तर 6,000 रुपये होतात. हंगामात हेच काम एका सकाळी दहा जण घेऊन येतात, आणि त्यातले काही परत जातात.

म्हणून वहीत गिऱ्हाइकाचे नाव, यंत्र व केलेले काम लिहावे. मजुरी आधी सांगावी, सुट्या भागांची किंमत वेगळी दाखवावी आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. लागणारे भाग वाशीम-अकोल्याहून गर्दीपूर्वीच आणून ठेवावेत.

आमचे कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे की, येत्या मोसमाची वाट पाहू नका. उद्याच वही काढा आणि गेल्या वर्षीच्या दहा गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन या.